दुपारी उरतं ते लाकूड

प्रश्न : मी ४१ वर्षांची आहे, ग्रंथालयात काम करते. स्वभाव अबोल. मैत्रिणीने ‘वुडी अ‍ॅक्वाटिक’ प्रकारातला, म्हणजे लाकूड आणि पाणी यांचा भास देणारा परफ्यूम भेट दिला. खोक्यावर उसळत्या लाटा आणि ‘मुक्त, साहसी, बेफिकीर व्यक्तिमत्त्वासाठी’ असा मजकूर. यातलं मी काहीच नाही. भाऊ म्हणतो, हा तर पुरुषांचा वास. लावल्या लावल्या थंड, ओलसर वाटतो, तेव्हा मी जरा बावरते. दुपारपर्यंत मात्र पेन्सिलीला टोक काढताना येतो तसा कोरडा वास उरतो आणि तो मला फार आवडतो. वापरू का देऊन टाकू?

उत्तर : देऊन टाकू नका. दुपारी उरणारा वास आवडतो, असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. माझ्या मते निकाल तिथेच लागला. परफ्यूम आपल्याला शोभतो की नाही, हे पहिल्या दहा मिनिटांवरून ठरवूच नये. तो दिवसभर अंगावर असतो, आणि आपल्याजवळ बसणाऱ्यांना बहुतेक वेळ शेवटचाच भाग जाणवतो.

आता ते ‘पाणी’. पाण्याला स्वतःचा वास नसतो, त्यामुळे बाटलीतला समुद्र रचावा लागतो. त्यात मोठा वाटा कॅलोनचा. हा रेणू १९६०च्या दशकात फायझर या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडला. त्याच्या वासात कलिंगडाची फोड आहे, खारा वारा आहे आणि मागे शिंपल्यांची किंचित ओल. तो इतका जोरकस की मिश्रणात जरासा जास्त पडला तरी बाकी सगळ्यांना गिळून टाकतो. १९८८ मध्ये अरामिस कंपनीच्या ‘न्यू वेस्ट’ या परफ्यूममध्ये तो ठळकपणे वापरला गेला. त्याच वर्षी डेव्हिडॉफचा ‘कूल वॉटर’ आला, पिएर बूर्दों यांनी रचलेला. त्याचा गारवा मुख्यतः डायहायड्रोमिर्सेनॉल या प्रयोगशाळेतल्या घटकाचा : लिंबाच्या सालीचा, लव्हेंडरचा आणि नुकत्या धुतलेल्या कपड्यांचा मिळून होईल तसा वास. तुम्हाला बावरवणारा पहिला थंड झोत बहुधा अशाच घटकांचा असणार. हलके असल्यामुळे ते लवकर उडतात. कॅलोन तसा चिवट, पण सोबतचे हलके घटक गेले की त्याची चमक उतरते आणि तो लाकडाच्या आड जातो.

लाकूड मात्र हटत नाही. तुमच्या नाकाने पेन्सिल बरोबर ओळखली. परफ्यूममधलं व्हर्जिनिया सीडरचं तेल ज्या झाडापासून काढतात, त्याच्याच लाकडाच्या पेन्सिली कितीतरी वर्षं बनत आल्या. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते झाड जुनिपर, पण व्यवहारात त्याला सीडरच म्हणतात. सीडरच्या जोडीला अनेकदा वाळा असतो, तो तर लाकूडच नाही, गवताची मुळं. वासात माती आणि थोडा धूर. कधी चंदन, कधी आयसो ई सुपर नावाचा प्रयोगशाळेतला घटक, जो वेगळा ओळखू येत नाही पण सगळ्यांना मखमली अस्तर लावतो. खारटपणाला ऊब हवी असली की अँब्रॉक्सान हा घटक. ज्या अंबरचा (अंबरग्रीसचा) वास तो आठवून देतो, ते स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं. अँब्रॉक्सान मात्र क्लॅरी सेज या वनस्पतीतल्या एका घटकापासून बनवता येतो.

तेव्हा व्यक्तिमत्त्वाचं काय? खोक्यावरचा मजकूर फक्त लाटेबद्दल बोलतो, म्हणून त्यात साहस आणि बेफिकिरी येते. मी या वासाकडे लाकडाच्या बाजूने बघते. व्हॅनिला किंवा कॅरॅमलसारखे गोड वास समोरच्याला लगेच जवळ ओढतात. वुडी अ‍ॅक्वाटिक तसं करत नाही. तो हातभर अंतर ठेवतो, स्वच्छ राहतो, आणि जो जवळ येऊन थांबेल त्यालाच आपली ऊब देतो. ज्यांना ओळख वाढवायला वेळ लागतो, पण जुळलं की जे सुटत नाहीत, अशा माणसांवर हा वास खुलताना मी पाहिला आहे. फार बोलक्या, मनमोकळ्या माणसांवर तो अनेकदा उगीच गंभीर वाटतो. त्यांनी फुलांकडे किंवा मसाल्यांकडे वळावं, हे माझं स्पष्ट मत. अबोल असल्यामुळे हा आपला नाही असं तुम्हाला वाटतंय. मला तर त्याच कारणाने तो तुमचा वाटतो.

भावाला एक सांगा. १९९२ चा इस्से मियाकेचा ‘लो दिस्से’ हा जलगंधी परफ्यूमांतला गाजलेला टप्पा. जॅक कॅव्हालिए यांनी तो रचला, आणि तो स्त्रियांसाठी होता. पुरुषांची आवृत्ती दोन वर्षांनी आली. लाकडाला काय किंवा पाण्याला काय, स्त्री-पुरुष ठाऊक नसतात. ते भेद कपाटावरच्या पाट्यांचे.

वापरताना मात्र थोडं जपा. घरातून निघण्याच्या अर्धा तास आधी लावा, म्हणजे बावरवणारा झोत घरातच ओसरेल. कपड्यांवर मारू नका, तिथे हलके घटक जास्त वेळ अडकून राहतात. कोपराच्या आतल्या बाजूला लावा, अंगाच्या उबेने तुमची पेन्सिल लवकर भेटेल. वाचणारी माणसं शेजारी बसलेली असतात, तेव्हा एकच फवारा, फार तर दोन. आणि मनगटावर मनगट चोळायचं नाही. लावा आणि वाळू द्या.

प्रश्न : माझा असाच परफ्यूम तासाभरात मला येईनासा होतो. सहकारी मात्र म्हणतात, खोलीभर दरवळतोय. पुन्हा लावू का?

उत्तर : मुळीच नको. सतत येणाऱ्या वासाची नाकाला सवय होते आणि मेंदू तो बाजूला सारतो. त्यातून आयसो ई सुपर आणि काही प्रकारची कस्तुरी अनेकांना नीट जाणवतच नाहीत, किंवा मध्येच येतात, मध्येच जातात. स्वतःच्या नाकावर विश्वासून मारा वाढवला तर त्रास शेजाऱ्याला होतो. सहकारी खरं सांगतायत, त्यांचं ऐका. बाहेरच्या हवेत दहा मिनिटं फिरून आलात तर तुम्हालाही तो परत भेटेल.

प्रश्न : बाटली न्हाणीघरातल्या फळीवर ठेवली तर चालेल का?

उत्तर : नाही. तिथली ऊब आणि सतत बदलतं तापमान परफ्यूमला मानवत नाही, आणि खिडकीतलं ऊन तर त्याहून वाईट. सगळ्यात आधी वरचे ताजे घटकच बिघडतात, म्हणजे नेमकं ते पाणी. कपड्यांच्या कपाटात, खोक्यासकट ठेवा.