बंधन नसलेलं प्रमाण फ्रेंचमध्ये कसं सांगावं?

कायद्याची भाषांतरं करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: इंग्रजी निकालपत्रात 'पर्स्वेसिव्ह ऑथॉरिटी' (म्हणजे न्यायालयाला बंधनकारक नसलेला, पण पटला तर आधार म्हणून घेता येणारा जुना निकाल) आलं, तर फ्रेंचमध्ये 'ओतोरिते पेर्सुआझिव्ह' लिहावं का? आणि मराठीत काय म्हणावं?

कॅनडातल्या फ्रेंचमध्ये हा प्रयोग सर्रास होतो, म्हणून समजेल सगळ्यांना. मी मात्र तो लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच.

आधी मराठीचं बघू, कारण तिथला घोळ मला रोज छळतो. 'ऑथॉरिटी' दिसली की डोळे मिटून 'प्राधिकरण' किंवा 'प्राधिकार' लिहायचं, ही सवय आता थेट कोशांपर्यंत पोचली आहे. विकास प्राधिकरण ठीक. पण वकील 'माझ्याकडे ऑथॉरिटी आहे' म्हणतो तेव्हा त्याच्या हातात जुना निकाल असतो, कुठलं कार्यालय नव्हे. याला मराठीत धडधडीत शब्द आहे: प्रमाण. कीर्तनकार निरूपणात अभंगाचं प्रमाण देतो, ते हेच. 'मन वळवणारा प्राधिकार' असं छापणाऱ्यांनी एकदा ते मोठ्याने वाचून बघावं.

आता फ्रेंच. इंग्रजी पद्धतीत वरच्या कोर्टाचा निकाल खालच्याला बांधतो. आपल्याकडेही तेच: संविधानाच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशभरच्या न्यायालयांना बंधनकारक, पण मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल कर्नाटक उच्च न्यायालयापुढे ठेवला तर तो पटला तरच घ्यायचा. अशी दोन प्रकारची प्रमाणं असली की विशेषण लागतंच.

फ्रान्समध्ये ही विभागणी मुळातच नाही. क्रांतीआधी तिथली 'पार्लमाँ' नावाची न्यायालयं निकाल देता देता सर्वांना लागू होणारे नियमच काढत. त्याचा धसका असा, की १८०४च्या नागरी संहितेच्या कलम ५ने न्यायाधीशांना समोरच्या खटल्यापुरतंच बोलायचं बंधन घातलं. खालच्या कोर्टाने निकालाचं एकमेव कारण म्हणून 'कूर द कासास्यों या सर्वोच्च न्यायालयाने असं ठरवलं आहे' एवढंच लिहिलं, तर तेवढ्यावरून तो निकाल रद्द होऊ शकतो. संहितेचं कलम दाखवावं लागतं. प्रत्यक्षात वरच्या कोर्टाचं म्हणणं सगळे पाळतातच, आणि अशा वजनदार निकालाबद्दल फ्रेंच वकील म्हणतो, 'इल फे ओतोरिते'. तो प्रमाण मानला जातो. बंधनाचा त्यात लवलेश नाही, आणि वेगळं विशेषणही लागत नाही.

हे असं का, ते शब्दाच्या पोटात शिरलं की दिसतं. 'ऑथॉरिटी' आणि 'ओतोरिते' दोन्ही लॅटिन 'आउक्तोरितास'ची लेकरं. ते 'आउक्तोर'वरून, आणि तो 'आउगेरे' या धातूवरून. कोश म्हणतात, 'आउगेरे' म्हणजे वाढवणे, आणि गप्प बसतात. एमिल बेंवेनिस्त या फ्रेंच भाषापंडिताने १९६९ साली यावर नेमकं बोट ठेवलं: केवळ वाढवण्यातून एवढा दरारा कसा येईल? त्याने संस्कृतकडे बघितलं. तिथे याच धातूचं भावंड आहे 'ओजस्', देवांच्या ठायी असलेलं सामर्थ्य. आपलं 'ओजस्वी' तिथलंच, 'उग्र'ही त्याच घरातला. म्हणजे मूळ 'ऑथॉरिटी' हुकूम सोडत नाही; तिच्यात ओज असतं, आणि ऐकणारा आपसूक मान देतो. रोमचं सिनेट कायदा करत नसे, सल्ला देत असे, आणि तो सल्ला डावलायची छाती फार थोड्यांना होती.

आता 'पर्स्वेसिव्ह'. लॅटिन 'सुआदेरे' म्हणजे पटवणे, आणि त्याचं नातं संस्कृत 'स्वादु'शी, इंग्रजी 'स्वीट'शी. पटवणं म्हणजे गोड करून देणं! आपणही गोडीगुलाबीने घेतोच की. तर 'पर्स्वेसिव्ह ऑथॉरिटी' म्हणजे अक्षरशः स्वादिष्ट ओज.

आणि हे आपल्या मीमांसकांना, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या पंडितांना, केव्हाच उमगलं होतं, असं माझं ठाम मत आहे. त्यांनी वेदवाक्यांचे भेद केले, त्यात विधी हा बांधणारा आणि अर्थवाद हा न बांधणारा. 'वैभव हवं असेल त्याने वायूला श्वेत पशू अर्पावा' हा विधी. लगेच येतं 'वायुर्वै क्षेपिष्ठा देवता', वायू हा सर्वांत वेगवान देव. यात करायला काहीच सांगितलेलं नाही. मग हे वाक्य कशाला? मीमांसक म्हणतात, 'प्ररोचने'साठी, म्हणजे विधीची रुची निर्माण करण्यासाठी. लॅटिनला स्वाद सुचला, आपल्याला रुची! म्हणून मराठीत माझी सूचना 'प्ररोचक प्रमाण'. जड वाटलं तर 'बंधनकारक नसलेलं प्रमाण' म्हणा, पण 'प्राधिकार' नको.

तुमच्या फ्रेंचसाठी: 'ओतोरिते'ला विशेषण चिकटवू नका. 'व्हालर पेर्सुआझिव्ह' म्हणजे पटवण्याचं मोल, हे बरं. त्याहून बरं म्हणजे क्रियापद वापरणं: हा निकाल न्यायालयाला 'न लि पा', बांधत नाही. एक खड्डा मात्र सांभाळा. 'ओतोरिते द ला शोझ झ्युझे' हा प्रयोग एकदा निकाल लागलेला वाद त्याच पक्षकारांना पुन्हा उकरता येत नाही, यासाठी आहे. तो पुरता बांधणारा. तिथे 'पर्स्वेसिव्ह' घातलंत तर अशिलाचं नुकसान होईल.

उलट्या दिशेला, 'झ्युरिस्प्रुदाँस' दिसलं की इंग्रजीत 'ज्युरिसप्रूडन्स' लिहू नका. फ्रेंचमध्ये तो निकालांचा साठा, इंग्रजीत सहसा कायद्याचं तत्त्वज्ञान. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या वकिलांनी तर 'झ्युरिस्प्रुदाँस काँस्ताँत', म्हणजे सातत्याने एकाच दिशेने गेलेले निकाल, हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला आहे, आणि तिथेही तो पटवतो, बांधत नाही.