स्टॅटिन हे औषध फक्त कोलेस्टेरॉल कमी करतं की धमनीतला दाहही?

दोन्ही. स्टॅटिनमुळे यकृत कोलेस्टेरॉल कमी बनवतं आणि रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, जास्त ओढून घेतं. धमनीच्या अस्तरात शिरलेलं एलडीएल गिळून पांढऱ्या पेशी फुगतात, दाह पेटता ठेवतात. हे इंधन घटलं की चरबीच्या थरावरचं पातळ आवरण जाड होत जातं; ते फुटून गुठळी होण्याचा धोका कमी होतो.

2008च्या ज्युपिटर चाचणीत एलडीएल 130च्या खाली, पण एचएस-सीआरपी (रक्तात दाह दाखवणारं प्रथिन) 2 किंवा जास्त असलेल्यांना रोज 20 मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिन हे स्टॅटिन दिलं. सीआरपी 37 टक्क्यांनी घटला. मात्र एलडीएलही निम्मं झालं, म्हणून दाहावरचा परिणाम वेगळा मोजणं अवघडच.

रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी मनाने बंद करू नका, एलडीएल काही आठवड्यांत पुन्हा चढतं. स्नायू खूप दुखले, लघवी गडद झाली तर लगेच डॉक्टरांना दाखवा.