आईच्या स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर हर-टू २+ आणि केआय-६७ २२ टक्के लिहिलंय. कॅन्सर परत येईल का?

मी नागपुरात धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. गाठीच्या चकत्या कापायच्या, रंगवायच्या, डॉक्टरांपुढे ठेवायच्या, हे माझं काम. उपचाराचं तुमच्या ऑन्कोलॉजिस्टलाच विचारा. आकडे कुठून येतात तेवढं मी सांगतो.

सगळ्यात चांगली बातमी तुम्ही विचारलीच नाही : ईआर ९० टक्के. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोन पकडणारं पेशीतलं प्रथिन; ते असलं की पेशी आमच्या रंगात तपकिरी दिसते. १ टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह धरतात, इथं तर जवळपास सगळ्याच रंगल्यात. म्हणजे टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोलसारख्या हार्मोनविरोधी गोळ्या लागू पडायची आशा चांगली. पण अशा गाठी १५-२० वर्षांनीही उलटतात, म्हणून ५ वर्षांच्या गोळ्या 'आता बरं आहे' म्हणून मधेच सोडू देऊ नका.

हर-टू हे पेशींना वाढायला लावणारं प्रथिन. २+ म्हणजे 'अजून ठरलं नाही'. ० आणि १+ निगेटिव्ह, ३+ पॉझिटिव्ह, २+ आलं की फिश टेस्ट, म्हणजे हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजायच्या. ती झाल्याशिवाय घाबरू नका. पॉझिटिव्ह निघालं तरी १९९८ पासून हर-टूवरचं औषध ट्रॅस्टुझुमॅब हाताशी आहे.

केआय-६७ हे नाव जर्मनीतल्या कील शहरावरून आलं. ६७ हा प्रयोगाच्या ताटलीतल्या खान्याचा नंबर. किती पेशी विभागायच्या तयारीत आहेत, ते त्यावरून कळतं. ५ पर्यंत कमी, ३० च्या वर जास्त, यावर एकमत आहे. मधल्या पट्ट्यात दोन डॉक्टरांनी तीच स्लाइड मोजली तर एक १८ सांगेल, एक २५. तुमचा २२ तिथलाच. त्यापेक्षा गाठ केवढी, ग्रेड काय (पेशी किती बिघडल्यात), काखेतल्या किती गाठींत पसरलंय, ते आधी बघा.

आणि रंग खोटाही बोलतो बरं. एकदा मे महिन्यात बाहेरगावाहून एसटीनं एक गाठ आली, लोणच्याच्या बरणीत. न कापता अख्खी, गाठ टिकवणारं फॉर्मॅलिन तळाशी दोन बोटं. मधोमध कापली तर लिबलिबीत. ईआर शून्य आला. डॉक्टरांनी स्लाइड सरकवून शेजारच्या निरोगी दूधनलिका दाखवल्या. त्या तरी तपकिरी दिसायला हव्यात ना? त्याही कोऱ्या! म्हणजे गाठ निगेटिव्ह नव्हती, प्रथिनंच खराब झाली होती. ऑपरेशनआधीच्या सुईच्या बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मागवला, त्यावर ईआर ठसठशीत आला. तो शून्य तसाच गेला असता, तर त्या बाईंना गोळ्या मिळाल्याच नसत्या.

तेव्हा लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, फिशला त्याच लागतील. दुसरं मत हवं असेल तर मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात त्या पुन्हा तपासून देतात. फक्त नेताना आपल्या नागपूरच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ब्लॉक ठेवू नका. मेणच ते.