'बायल्या' आणि 'काळ्या' या दोन शिव्यांना एकच कार्ड का?

सर, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. व्यावसायिक फुटबॉलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू शेकड्यांनी आहेत, मग उघडपणे गे असलेले बोटांवर मोजण्याइतकेच का? आणि भुसावळच्या मैदानावर तुमच्या १७ वर्षांखालच्या पोरांच्या तोंडी 'बायल्या', 'छक्का' असतं, ते वर्णावरून किंवा जातीवरून दिलेल्या शिवीइतकंच गंभीर धरायचं का?

दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे, म्हणून ते आधी. कार्डापुरतं, हो. फुटबॉलच्या १२ व्या नियमात अपमानकारक भाषेला सरळ लाल कार्ड आहे, शिवी कशावरून दिली याचा भेद तिथे नाही. फिफाच्या २०१९ च्या शिस्तसंहितेतही वर्ण, लिंग, धर्म, लैंगिक कल हे सगळं एकाच कलमात बसवलंय आणि खेळाडूला किमान १० सामन्यांची बंदी आहे. पण पोरांना समजावताना 'दोन्ही एकच' असं सांगू नका. ते एकच नाहीत, आणि तुमचा पहिला प्रश्न त्या फरकातच अडकलाय.

वर्णद्वेष दिसतो. १९८८ मध्ये एव्हर्टनच्या मैदानावर लिव्हरपूलच्या जॉन बार्न्ससमोर प्रेक्षकांतून केळं आलं, त्याने ते टाचेने बाजूला सारलं, आणि त्याचा फोटो जगभर गेला. (रावेर-यावलकडच्या माणसाला केळं फेकणं हा अपमान कसा, हे आधी समजावून सांगावं लागतं. आपल्याकडे केळं म्हणजे वर्षाचं पीक; तिकडे माकडाला टाकतात तसं टाकलं होतं.) बार्न्सला कुणाला काही सांगायचं नव्हतं, लपवायचं नव्हतं. वर्णावरून शिवी खाल्लेलं पोरगं संध्याकाळी घरी जातं, तेव्हा घरचे बहुधा त्याच्याच रंगाचे असतात.

गे मुलाचं इथे बिनसतं. आपल्याकडची जवळची तुलना वर्णाशी नाही, जातीशी आहे. पुण्यात खोली शोधताना आडनाव गिळणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. लपवता येतं म्हणून लपवायचं, आणि मग लपवण्याचंच ओझं वाहायचं. पण ते पोरगं दिवाळीला गावी आलं की घरात सगळे त्याच्याच आडनावाचे असतात. गे मुलगा घरातही एकटाच असतो, आणि पुष्कळदा पहिली शिवी त्याला घरातच ऐकू येते. धावपटू द्युती चंदने २०१९ मध्ये आपलं एका मुलीशी नातं असल्याचं सांगितलं, तेव्हा विरोध आधी घरातूनच झाला.

दोन्ही ओझी एकाच माणसावर पडली तर काय होतं, ते जस्टिन फॅशानूकडे बघून कळतं. १९८१ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याला १० लाख पौंडांना घेतलं; एवढी किंमत मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश खेळाडू. तो गे बारमध्ये जातो हे कळल्यावर व्यवस्थापक ब्रायन क्लफ यांनी त्याचा संघाबरोबरचा सराव बंद केला. १९९० मध्ये त्याने वर्तमानपत्रातून उघड सांगितलं, तर सख्ख्या भावानेच जाहीरपणे पाठ फिरवली. १९९८ मध्ये त्याने आत्महत्या केली. कातडीचा रंग दोघा भावांचा एकच होता.

त्यानंतर ब्रिटनमध्ये खेळत असताना हे सांगणारा पुढचा पुरुष व्यावसायिक खेळाडू यायला ३२ वर्षं लागली: ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स, मे २०२२, वय १७. तुमच्या पोरांएवढाच. ऑस्ट्रेलियात जॉश कव्हालोने २०२१ मध्ये सांगितलं, चेक संघाच्या याकुब यांक्तोने फेब्रुवारी २०२३ मध्ये. जर्मनीचा थॉमस हिट्झलस्पर्गर ५२ आंतरराष्ट्रीय सामने खेळला, पण बोलला निवृत्तीनंतर, २०१४ मध्ये. उलट बायकांच्या फुटबॉलमध्ये मेगन रॅपिनोसारख्या डझनावारी आहेत. माझ्या मते याचं कारण साधं आहे. मुलगी फुटबॉल खेळायला लागली तेव्हाच 'बाईसारखं वाग' हा नियम तिने मोडलेला असतो. मुलाला मात्र मैदानावर रोज मर्द असल्याचा दाखला द्यावा लागतो, आणि 'बायल्या' ही शिवी मुळात बाईलाच दिलेली शिवी आहे.

पैशाचाही हिशेब आहे. खेळाडूची कमाई दहा-बारा वर्षांची, आणि मोठी बोली लावणारे काही क्लब समलिंगी नातं गुन्हा मानणाऱ्या देशांत आहेत. लिव्हरपूलचा कर्णधार जॉर्डन हेंडरसन गे चाहत्यांच्या बाजूने बोलायचा. २०२३ मध्ये तो सौदीच्या अल-इत्तिफाकला गेला आणि क्लबने टाकलेल्या व्हिडिओत त्याच्या दंडावरची, गे लोकांना पाठिंबा दाखवणारी इंद्रधनुषी पट्टी करडी झालेली होती. २०२२ च्या कतार विश्वचषकात सात युरोपीय संघांनी भेदभावाविरुद्धची 'वन लव्ह' पट्टी बांधायचं ठरवलं होतं. फिफाने पिवळ्या कार्डाची भीती घातल्यावर सगळ्यांनी माघार घेतली. वर्णद्वेष झाला तर मनगटं एकमेकांवर ठेवून रेफरीला खूण करायची, असं फिफाने २०२४ मध्ये ठरवलं. गे खेळाडूसाठी तशी खूण नाही. कागदावर एक कलम, पण मैदानावर वजन वेगळं.

आता तुमच्या मैदानावरचं. चुका नेमक्या कुठे होतात हे अमेरिकेतल्या सॅन दिएगो लॉयल संघाच्या २०२० च्या दोन सामन्यांत दिसतं. आधी त्यांच्या एका कृष्णवर्णीय खेळाडूला वर्णावरून शिवी झाली. संघाला ते नीट कळलं सामन्यानंतर, आणि मिळालेला गुण त्यांनी सोडून दिला. लगेच पुढच्या सामन्यात गे असलेल्या कॉलिन मार्टिनने आपल्याला शिवी दिल्याची तक्रार केली, तर रेफरीने गैरसमजातून लाल कार्ड मार्टिनलाच दाखवलं! संघ ३-१ ने पुढे होता. प्रशिक्षक लँडन डोनोव्हन यांनी तोडगा मागितला, तो निघाला नाही, आणि उत्तरार्ध सुरू होताच सगळे मैदान सोडून गेले.

म्हणून रेफरीकडे शिवी खाल्लेला पोरगा पाठवू नका, कर्णधार पाठवा. खेळ थांबलेला असताना तीनच गोष्टी सांगायच्या: जर्सी नंबर, मिनिट आणि नेमका शब्द. 'घाण बोलला' यावर कुणी कार्ड काढत नाही. सामना संपल्यावर मैदान सोडण्याआधी तेच कागदावर लिहून आयोजकांना द्या आणि पोच घ्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची स्मरणशक्ती जाते.

आपल्याच पोराने शिवी दिली तर पुढच्या सामन्यात त्याला बाकावर बसवा. पूर्ण संघाला फेऱ्या मारायला लावू नका, तो राग ज्याला शिवी बसली त्याच्यावरच निघतो. 'तू खरंच तसा आहेस का' असं शिवी बसलेल्याला कुणी, तुम्हीसुद्धा, विचारायचं नाही. शिवी खाणारा मुलगा बहुतेक वेळा गे नसतो. जो असतो तो बाजूला उभा राहून ऐकत असतो. आणि राग मानू नका सर, पण 'बायकांसारखं काय खेळता रे' हे वाक्य आधी प्रशिक्षकाच्याच तोंडून जातं.

एखाद्याने विश्वासाने सांगितलंच, तर ऐकून घ्या. घरी कळवू नका, सहायकालाही नाही. नाशिकला स्पर्धेला जाताना त्याची झोपायची जागा बदलू नका, त्यानेच सगळ्यांना कळतं. घरच्यांनी भगताकडे किंवा 'बरं करतो' म्हणणाऱ्या डॉक्टरकडे न्यायचं काढलं, तर हा आजार नाही आणि असा उपचार करणं हे २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या लेखी व्यावसायिक गैरवर्तन आहे, हे स्पष्ट सांगा. २०१८ पासून प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना ३७७ कलमाची भीतीही उरलेली नाही. गुप्तता मोडायची वेळ दोनदाच येते. जिवाचं बरंवाईट करायचं बोलला तर त्याला एकटं सोडू नका, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा आणि घरातल्या भरवशाच्या एका माणसाला बोलवा, पण कारण सांगायचं की नाही ते त्याच्यावर सोडा. आणि कुणी त्याच्यावर लैंगिक अत्याचार करत असेल तर पोक्सोखाली कळवणं तुम्हाला बंधनकारकच आहे.

एक पळवाट पोरं हमखास काढतील: 'सर, मी तर षटकार म्हणालो, क्रिकेटचा छक्का!' फुटबॉलमध्ये षटकार कुठून आला, एवढंच विचारा आणि बाकावर बसवा.