खोट्या फरचं जॅकेट घरी धुताना

ताई, तुम्ही लिहिलंय की मनालीत घेतलेल्या क्रीम रंगाच्या फरच्या जॅकेटच्या बाहीवर चार दिवसांपूर्वी लग्नाच्या जेवणात तांबडा रस्सा सांडला, कॉलर त्याआधीच काळवंडलेली होती, आणि ड्रायक्लीनवाला ‘बिघडलं तर जबाबदारी आमची नाही’ म्हणतोय. मग मशीनमध्ये टाकू का? आज टाकू नका. घरी नक्की धुता येईल, पण हातानं, आणि दोन दिवस मोकळे ठेवून.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत शाळांच्या गॅदरिंगसाठी कपडे भाड्यानं देते. अठरा वर्षं झाली. अस्वल, ससा, सिंहाची आयाळ, माकडाची शेपूट, सगळं खोट्या फरचं. डिसेंबर ते फेब्रुवारी या कपड्यांना घाम, पावडर, गंध, वडापावचं तेल असं सगळं लागून येतं आणि दोन-तीन दिवसांत ते परत दुसऱ्या शाळेला द्यायचे असतात. त्यामुळे या कापडाला काय सोसतं आणि काय सोसत नाही हे हातानं शिकले.

खोटी फर म्हणजे बहुतेक वेळा ॲक्रिलिकचे किंवा पॉलिएस्टरचे केस, विणलेल्या कापडात अडकवलेले. प्लॅस्टिकचाच धागा तो. गार पाण्यानं त्याला काही होत नाही. उष्णता लागली की मात्र केस मऊ पडतात, टोकं वाकडी होतात, एकमेकांना चिकटतात आणि गार झाल्यावर तशीच घट्ट बसतात. सुरुवातीच्या वर्षांत मी हे स्वतः करून बसले. सकाळी आठला सशाचा पोशाख हवा होता, रात्री अकराला कान ओलेच होते. हेअर ड्रायर जवळ धरला. पाच मिनिटांत कानांवरची मऊ लव जळलेल्या लोकरीसारखी खरखरीत झाली. विंचरली, पुन्हा भिजवली, काही उपयोग नाही. शेवटी रात्री नवीन कान कापून शिवले. तेव्हापासून आमच्याकडे फरला ड्रायर नाही, इस्त्री नाही, गरम पाणी नाही.

धुण्याआधी एक खात्री करा. डोंगराकडच्या बाजारात कधी कधी सशाची खरी फरही मिळते, आणि ती घरी धुवायची नसते; आतलं कातडं वाळून कडक होतं आणि तडकतं. केस फुंकर मारून बाजूला करा आणि मुळाशी बघा. विणलेलं कापड दिसलं तर खोटी, कातडं दिसलं तर खरी. तरी शंका असेल तर आतल्या शिवणीजवळचे दोन-तीन केस उपटून, चिमट्यात धरून, मोरीत पाण्याजवळ जाळून बघा. खऱ्या केसाला जळक्या केसांचा वास येतो आणि चुरा होतो. खोटा वितळून त्याची कडक गोळी होते.

मग आतलं लेबल. टबाच्या चित्रात हात असेल तर हातानं धुवा. टबात ३० आकडा असेल तर पाणी ३० अंशांपर्यंतच. टबावर फुली असेल तर पाण्यात घालायचं नाही, आणि नुसता गोल किंवा पी अक्षराचा गोल असेल तर ते ड्रायक्लीनचं चिन्ह. फुली असताना मी धुवा म्हणणार नाही, कारण बहुतेक वेळा तिथं अडचण फरची नसून आतल्या अस्तराची, खांद्यातल्या पॅडची किंवा आकार टिकवायला आत चिकटवलेल्या जाड कापडाची, म्हणजे कॅनव्हासची असते. कॅनव्हास सुटलं की पुढची बाजू फुगते आणि कोणत्याही टेलरला ती सरळ करता येत नाही. बटणांशी किंवा खिशाशी चामड्याची पट्टी असली तरी तेच.

आता बाही. रश्शाचा डाग म्हणजे तेल, तिखट आणि हळद, तिन्ही एकत्र. आधी सुकलेला थर बोथट चमच्याच्या कडेनं अलगद उचला, केसांच्या दिशेनं. बाहीच्या आत घडी केलेला पंचा घाला, म्हणजे डाग दुसऱ्या बाजूला उतरणार नाही. अर्ध्या वाटी गार पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, स्पंज बुडवून पिळा आणि डागावर नुसता टेकवा, उचला, टेकवा, उचला. घासायचं नाही. घासलं की केस मुळाशी गुंततात आणि तेल त्यांच्यात आणखी आत जातं. स्पंज पिवळा झाला की धुऊन घ्या. दहा-पंधरा मिनिटं लागतील, कंटाळू नका.

साबण लागताच हळदीचा डाग लालसर झाला तर घाबरू नका. साबणातल्या क्षारानं हळद तशीच लाल होते, पाण्यानं निघाली की परत पिवळी दिसते. उरलेली पिवळी छटा उन्हानं उतरते. जॅकेट वाळलं की तेवढी एक बाही सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर ठेवायची, बाकीचं जॅकेट चादरीनं झाकायचं. पांढऱ्या-क्रीम कपड्यावर हे मी कितीदा तरी केलंय. ब्लीच मात्र अजिबात नको, क्रीम रंग आणखी पिवळा पडतो. गुळगुळीत सुती कपड्यावर चालणारी लिंबू-मीठ चोळायची युक्तीही इथं नको.

कॉलरवर आहे ते बहुतेक अंगाचं तेल, क्रीम आणि धूळ. तिथंही तेच लिक्विड, पण स्पंजाऐवजी मऊ टूथब्रश, वरून खाली एकाच दिशेनं.

डाग सैल झाले की पूर्ण धुणं. रंग जातो का ते आधी बघा: आतल्या शिवणीवर साबणाच्या पाण्यानं ओला केलेला पांढरा रुमाल दाबून ठेवा, रंग उतरला नाही तर पुढं जा. जॅकेट गच्चीत झटका, केसांना मऊ ब्रश मारा, चेन लावा, आतली बाजू बाहेर करा. मोठ्या टबात दहा-बारा लिटर गार पाणी, त्यात ईझीसारखं लोकरीचं लिक्विड दोन चमचे. पावडर नको, तिचे न विरघळलेले कण केसांच्या मुळाशी अडकतात आणि वाळल्यावर फर चिकट लागते. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी येत असेल तर निदान शेवटचं विसळणं तरी नळाच्या पाण्यात करा, हा चिकटपणा मी बोअरच्या पाण्यातच जास्त बघितलाय.

पाण्यात जॅकेट दोन्ही तळव्यांनी दाबायचं आणि सोडायचं, पीठ मळल्यासारखं नाही, भाकरी थापताना हात पडतो तेवढ्याच जोरानं. दहा मिनिटं पुरे, भिजत ठेवून बाजारला जाऊ नका. मग तीन पाण्यांत विसळा, तिसऱ्या पाण्यात फेस दिसायला नको. उचलताना कॉलरला धरून उचलू नका. ओली फर दगडासारखी जड होते आणि सगळा भार खांद्याच्या शिवणीवर येतो. खालून दोन्ही हात घाला, लहान बाळाला पाण्यातून काढतो तसं.

जाता जाता एक: या धुण्यात बारीक प्लॅस्टिकचे केस सुटतात आणि ते गटारातून शेवटी पंचगंगेत जातात. मी टबाचं पाणी जुन्या पातळ साडीच्या तुकड्यातून गाळून ओतते. तुकड्यावर जमलेली लव कोरड्या कचऱ्यात टाकते. एवढं तुम्हीही करा, विनंती आहे.

पिळायचं नाही. टर्किश टॉवेल जमिनीवर पसरा, जॅकेट त्यावर ठेवा, चटईसारखं गुंडाळा, वरून गुडघ्यानं दाबा. टॉवेल ओला झाला की दुसरा. माझ्या हिशेबानं मोठ्या जॅकेटला तीन टॉवेल लागतात. इथं कष्ट घेतले की वाळायचा निम्मा वेळ वाचतो.

वाळवणं हाच खरा कसाचा भाग आहे. दोरीवर टांगू नका, खांदे लांबतात आणि घडीची रेघ फरवर बसते. नवारीची खाट असेल तर उत्तम, नाहीतर दोन प्लॅस्टिक खुर्च्यांवर कपड्याचा स्टँड आडवा टाका, खालून-वरून हवा लागली पाहिजे. सावलीत, पंख्याखाली. पत्र्याच्या शेडखाली तर दुपारी मुळीच नको, तिथली ऊब ड्रायरसारखीच. दर दोन-तीन तासांनी झटका आणि बाजू बदला.

आता ज्या क्षणावर सगळं ठरतं तो सांगते. जॅकेट साधारण ऐंशी टक्के वाळलं, म्हणजे हाताला गार लागतं पण ओलं लागत नाही, तेव्हा विंचरायला घ्या. चिंब ओलं असताना विंचरलं तर केस उपटतात, खडखडीत वाळल्यावर विंचरलं तर गुंता तसाच राहतो. पाळीव कुत्र्या-मांजरांसाठी तारांचा ब्रश मिळतो, तो हवा. नसेल तर रुंद दातांचा कंगवा. डाव्या हाताच्या दोन बोटांत केसांचं मूळ धरा, उजव्या हातानं टोकापासून सुरू करून हळूहळू मुळाकडं या, मुलीच्या केसातला गुंता सोडवतो तसं. कुठं जट असेल तर पाण्यात केसांच्या कंडिशनरचा एक थेंब मिसळून फवारा आणि पाच मिनिटं थांबा. एका बाहीला पंधरा मिनिटं जातात. तेवढी द्या. धुतलेली फर नवीसारखी दिसते ती विंचरल्यामुळं.

हिवाळ्यात कोल्हापुरात पूर्ण वाळायला एक ते दीड दिवस लागतो. वरून कोरडं वाटलं तरी काखेत आणि कॉलरच्या आत बोटं घालून बघा. तिथला ओलावा राहिला की आठवड्यात कुबट वास येतो. याच कारणानं जून ते सप्टेंबर मी एकही फरचा कपडा पाण्यात घालत नाही. आपल्याकडच्या पावसात तीन-तीन दिवस अस्तर वाळत नाही.

मशीनबद्दल विचारलंच आहे, तर लेबल परवानगी देत असेल आणि जॅकेट बिनअस्तराचं असेल तरच. उलटं करून उशीच्या अभ्र्यात घाला, तोंड बांधा, गार पाणी, डेलिकेट, स्पिन सर्वात कमी. मधे दांडा असलेल्या टॉप लोडमध्ये नको.

ठेवताना रुंद खांद्याच्या हँगरवर, वरून जुनी सुती साडी किंवा चादर. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका आणि गोधड्यांच्या खाली दाबू नका. डांबरगोळ्या कशाला? लोकरीतली कसर ॲक्रिलिक खात नाही, आणि तो वास फरमधून महिनाभर जात नाही.

आणि ताई, हे जॅकेट घालून दिव्यांच्या रांगेजवळ, फटाक्यांजवळ किंवा होळीजवळ उभं राहू नका, लहान मुलांना तर अजिबात नाही. लांब लव झटकन पेट घेते आणि वितळून कातडीला चिकटते. मी पोशाख देताना प्रत्येक पालकाला हे तोंडानं सांगते, चिठ्ठीवर अवलंबून राहत नाही.

कॉलर पहिल्या धुण्यात पूर्ण उजळली नाही तर लगेच दुसऱ्यांदा घासायला घेऊ नका. वाळू द्या, विंचरा, मग दिवसाच्या उजेडात बघा; ओली असताना ती आहे त्यापेक्षा मळकी दिसते. तरी डाग उरला तर तेवढ्याच जागी पुन्हा स्पंज. बाही वाळली की तिचा फोटो पाठवा, हळदीची छटा किती राहिली ते बघून पुढचं सांगते.