फळलेलं अंडं आणि उबवलेलं अंडं

प्रश्न असा आहे: ‘परसात चार कोंबड्या आहेत, कोंबडा नाही. त्यांच्या अंड्यांना फलित म्हणायचं की अफलित? आणि फलित अंडं म्हणजेच उबवलेलं अंडं ना?’

कोंबडा नसेल तर अंडी अफलितच. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘नाही’ असं आहे, आणि ते जरा सविस्तर द्यायला हवं. म्हैस ‘फळली’ की ती गाभण राहते आणि पुढे विते, ही एकच साखळी. कोंबडीत अंडं घालणं, अंडं फळणं आणि अंडं उबणं या तीन सुट्या गोष्टी आहेत. कोंबडीला कोणी ‘गाभण’ म्हणत नाही, ते अगदी योग्य आहे. फळतं ते अंडं.

कोंबडीचा डावा अंडाशयच तेवढा कामाचा असतो. त्यावर लहानमोठे बलक द्राक्षांच्या घोसासारखे लगडलेले असतात. (बलक म्हणजे मुळात पिवळा भाग, ‘पांढरा बलक’ रूढ झालाय खरा, पण मला तिथे ‘अंड्याचा पांढरा’ हेच बरं वाटतं.) पिकलेला बलक सुटला की अंडनलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडात पडतो. तिथे तो जेमतेम 15 ते 30 मिनिटं असतो. फळायचं असेल तर याच वेळात, कारण पुढे त्यावर पांढऱ्याचे थर चढतात आणि शुक्राणूंची वाट बंद होते. पांढरा चढायला सुमारे तीन तास, आतल्या दोन पापुद्र्यांना तास-सव्वा तास, आणि कवचाला तब्बल वीस तासांच्या आसपास. एकूण 24 ते 26 तास. अंडं बाहेर पडल्यावर साधारण अर्ध्या तासाने पुढचा बलक सुटतो, म्हणून अंड्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मग एखादा दिवस खाडा पडतो. या सगळ्यात कोंबड्याचा काही हात नाही. अंडी थांबली तर आधी उजेड किती तास मिळतो ते पाहावं (14 ते 16 तास लागतात). कवच मऊ येत असेल तर कॅल्शियम पाहावं, कारण एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं.

कोंबडा असेल तर प्रत्येक अंड्यासाठी वेगळा समागम लागत नाही. अंडनलिकेच्या खालच्या भागातल्या बारीक नळ्यांमध्ये शुक्राणू साठून राहतात आणि साधारण दोन आठवडे, कधी तीनही, अंडी फळत राहतात. कोंबडा काढून टाकला तरी लगेच ‘आता अंडी अफलित’ म्हणू नये. कोंबडा बदलला तर तीन आठवडे जाऊ द्यावेत, नाहीतर पिल्लं कुणाची ते सांगता येणार नाही.

फळलेलं अंडं बाहेरून ओळखू येत नाही. कवचाचा रंग जातीवर ठरतो, बलकाचा खाद्यावर. ‘गावठी’ हा शब्दसुद्धा कोंबडीची जात आणि पालन सांगतो, फलन सांगत नाही. फोडल्यावर बलकावर एक पांढुरका ठिपका दिसतो. तो लहान, भरीव आणि वेड्यावाकड्या कडेचा असेल तर अंडं अफलित. तीन-चार मिलिमीटरचा, गोल आणि कडेला कडं असलेला असेल तर फलित. बलकाला दोन्ही बाजूंनी धरणारी पांढरी पिळदार दोरी म्हणजे गर्भ नव्हे. रक्ताचा ठिपकाही फलनाची खूण नाही. बलक सुटताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली की तो पडतो, कोंबडा असो वा नसो.

आता ‘उबवलेलं’. हे क्रियापद अंड्याला मिळालेली ऊब सांगतं, अंड्याच्या आत काय आहे ते सांगत नाही. खुडूक कोंबडी अफलित अंड्यांवरही तितक्याच निष्ठेने 21 दिवस बसते. ती अंडी उबवलेलीच, पण शेवटी नासतात. उलट फळलेल्या अंड्यातली वाढ 20-21 अंशांखाली थांबून राहते, म्हणून ते घालताच गोळा करून थंड जागी ठेवलं तर खाण्यात काहीच फरक पडत नाही. ते फलित आहे, उबवलेलं नाही.

हा भेद पिल्लं काढणाऱ्याला सगळ्यात जास्त लागतो. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडं धरलं की जिवंत गर्भाभोवती कोळ्याच्या पायांसारख्या शिरा दिसतात. स्वच्छ दिसणारी सगळी अंडी आपण ‘अफलित निघाली’ म्हणून मोकळे होतो आणि कोंबड्याला दोष देतो. त्यांतली दोन-तीन फोडून पाहावीत. रक्ताचं कडं किंवा बलकावर पसरलेला पांढुरका पापुद्रा सापडला तर अंडं फळलं होतं, आतला जीव लवकर मेला. अशा वेळी कोंबडा न बदलता साठवण तपासावी: अंडी आठवड्याच्या आतली होती का, 15 ते 18 अंशांत ठेवली होती का, की फ्रिजमध्ये. ठिपका खरोखरच भरीव आणि बिनकड्याचा निघाला तरच ‘अफलित’ म्हणावं, आणि मग आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा आहे का ते पाहावं.