अमेरिकन फुटबॉलमध्ये पहिल्या फेरीत निवडलेला खेळाडू सातव्या फेरीतल्याकडून लेफ्ट टॅकलची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला डावीकडून संरक्षण देणाऱ्याची, जागा गमावू शकतो का?

हो, आणि फिलाडेल्फिया ईगल्स या संघात हे घडलंय. आंद्रे डिलार्ड २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या फेरीतला, २२ वा. जॉर्डन मायलाटा २०१८ चा, सातव्या फेरीतला, २३३ वा. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळलेल्या या मुलाने तोवर अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता!

२०२० मध्ये डिलार्डच्या दंडाचा स्नायू फाटला, हंगाम गेला. मायलाटाला सामने मिळाले आणि २०२१ च्या सराव शिबिरात खरी चुरस होऊन जागा त्याच्याकडे गेली.

ही जागा नुसत्या ताकदीवर मिळत नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, उजव्या हाताचा असेल तर फेकताना डावीकडून मागून येणारा विरोधी खेळाडू त्याला दिसत नाही. तिथे लेफ्ट टॅकलच आडवा उभा असतो. मागे सरकताना पावलं चुकली, हात क्षणभर उशिरा लागले की संपलं. मायलाटा सहा फूट आठ इंच, पण माझ्या मते फरक पडला तो प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी पायांवर घेतलेल्या मेहनतीने. ड्राफ्टचा क्रमांक संधी जास्त देतो, जागा राखून देत नाही. २०२१ मध्येच मायलाटाला चार वर्षांचा ६.४ कोटी डॉलरचा करार मिळाला.